अमारोचा कडूपणा साखरेने जात नाही

प्रश्न थोडक्यात असा: लेक नोकरीसाठी मिलानला असते. दोन खेपांत तिने कडू इटालियन मद्यांच्या चार बाटल्या आणल्या: कंपारी, आवेर्ना, चीनार आणि फर्नेट-ब्रांका. फर्नेटचा घोट घेतला तर काढ्यात टूथपेस्ट कालवल्यासारखं लागलं. मग कॉकटेल करून पाहिली. कडू लागतात म्हणून साखरेचा पाक वाढवत गेलो, तर कडूपणा होता तिथेच राहिला आणि वर चिकट गोडवा आला. या बाटल्यांची चव घ्यायची कशी आणि कॉकटेलमध्ये चुकतंय काय?

चुकतंय ते साखरेपाशीच, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. अमारो म्हणजे इटालियनमध्ये 'कडू', अनेकवचन अमारी. पण बाटलीत नुसता कडू अर्क नसतो. मुळं, खोडाच्या साली, फुलं, संत्र्याच्या साली मद्यार्कात मुरवायच्या, गाळायच्या आणि मग त्यात पाणी आणि साखर घालायची, असं ते बनतं. युरोपातल्या नियमाप्रमाणे लिकर, म्हणजे गोड मद्य, म्हणवून घ्यायला साधारणपणे लिटरमागे किमान 100 ग्रॅम साखर लागते. बहुतेक अमारींत ती त्याहून बरीच जास्त असते. म्हणजे तुम्ही 30 मिली कंपारी ओतलीत, तेव्हाच ग्लासात निदान तीन ग्रॅम साखर आली. त्यात व्हर्मुथ (वनस्पती मुरवलेली वाइन) पडलं, तेही गोड. त्यावर तुमचा पाक. गोड चव जिभेवर लगेच येते आणि लगेच ओसरते. कडू उशिरा येते आणि रेंगाळते. त्यामुळे साखर कितीही वाढवलीत तरी ती ओसरल्यावर कडू आहे तिथेच उभं असतं.

कडूपणा आवरायचा तो पाण्याने, आंबटाने आणि मिठाने. पाण्याने सगळंच सैल होतं, आंबटाने गोडवा कापला जातो, आणि मीठ तर कडू चवीलाच मागे सारतं. कारल्याला मीठ चोळून पिळल्यावर कडू रस निघून जातो हे खरंच, पण त्याखेरीज जिभेवरही मीठ कडूला दाबतं. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. दोन लहान ग्लास घ्या, प्रत्येकात 20 मिली कंपारी आणि तेवढंच थंड पाणी. एका ग्लासात मिठाचे मोजून सात-आठ कण टाका आणि ढवळा. मीठ लागता कामा नये, एवढंच. आता आधी बिनमिठाचा घोट, मग मिठाचा. दुसऱ्यात संत्र्याची साल पुढे येते, गोडवा वाढल्यासारखा वाटतो आणि घशापाशी जो कडू दणका बसत होता तो बोथट होतो. कॉकटेलबद्दलचं माझं निम्मं उत्तर या दोन ग्लासांत आहे.

मी वीस वर्षं बारमागे उभा आहे. पहिली सात वर्षं जिनोव्हा आणि साव्होनाहून सुटणाऱ्या जहाजांवर, पुढची गोव्यात. जहाजावर आमचा बार मॅनेजर जिनोव्हाचा होता, साठीला आलेला. पहिल्या आठवड्यात त्याने रात्री काम संपल्यावर मला फर्नेट दिलं. मी एका घोटात घेतलं आणि तोंड वाकडं केलं. तो काही बोलला नाही. त्याने पावाचा कोरडा तुकडा दिला, पाणी दिलं, पुन्हा अर्धा चमचाभर ओतलं आणि म्हणाला, गिळ आणि तीस मोज. मी मोजलं. दहापर्यंत नुसतं कडू होतं. पंधराच्या पुढे तोंडाला पाणी सुटलं. पंचविसाच्या आसपास आधी न जाणवलेलं केशर आलं. मग त्याने दुसरा अर्धा चमचा दिला, आणि तो पहिल्याइतका कडू लागलाच नाही. आजही नवीन पोरांना मी याच पद्धतीने शिकवतो: पहिला घोट धरायचाच नाही, तो तोंडाला कळवण्यापुरता असतो. कडू म्हणजे विष असू शकतं, असं शरीर हजारो पिढ्या शिकलेलं आहे. पहिल्या घोटाला ते दचकतं, दुसऱ्याला विचार करतं, तिसऱ्याला चव घेतं.

तुमच्या चार बाटल्या एकाच संध्याकाळी चाखणार असाल, तर क्रम आवेर्ना, चीनार, कंपारी आणि शेवटी फर्नेट असा ठेवा. फर्नेट आधी घेतलंत तर बाकीच्या तिन्हींना फर्नेटचीच चव येईल. प्रत्येकी 10-15 मिली पुरे. ग्लास लहान आणि तोंडाशी थोडा निमुळता असावा. स्टीलचा पेला नको, त्यात वास टिकत नाही. सोबत साधी पोळी किंवा कोरडा पाव आणि पाणी. फरसाण, चकली काही नको, तिखट-मिठाने जीभ बधिर होते. आधीच्या तासाभरात कॉफी नको.

तापमानाकडे आपल्याकडे कुणी लक्ष देत नाही. इटलीत 'खोलीच्या तापमानाला' म्हणतात तेव्हा खोली अठरा-वीस अंशांची असते. पुण्यात मे महिन्यात कपाटातली बाटली तेहतीस अंशांवर असते. त्यातून आधी अल्कोहोलच नाकाला झोंबतं आणि वनस्पती मागे राहतात. बाटली पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. त्यापुढे नेऊ नका, फार थंड झाली की वास बंद होतो. याला अपवाद आहेत. कालाब्रियाचा एक अमारो, व्हेक्क्यो अमारो देल कापो, मुद्दाम फ्रीझरमध्ये ठेवून गोठलेल्या ग्लासात देतात. पण तो ओळखीचा झाल्यावर प्यायचा प्रकार आहे, ओळख करून घेण्याचा नाही.

प्रत्येक बाटली तीन वेळा चाखा. एकदा नुसती, एकदा तेवढंच पाणी घालून, एकदा बर्फाच्या मोठ्या खड्यावर पाच मिनिटं ठेवून. पाणी घातलेला ग्लास सगळ्यांत जास्त सांगतो. तीस-चाळीस टक्क्यांच्या दारूत दबलेला वास पाण्याने सुटतो.

आवेर्ना सिसिलीची, काल्तानिसेत्ता गावची, 1868 पासूनची. सालव्हातोरे आवेर्ना यांना ही कृती एका मठातल्या साधूने दिली असं कंपनी सांगते. चवीला कॅरॅमल, संत्र्याची आणि लिंबाची साल, शेवटी ज्येष्ठमधासारखं काहीतरी. कडूपणा अंगावर येत नाही. घरात कुणाला अमारोची पहिली ओळख करून द्यायची असेल तर हीच बाटली उघडा: जेवणानंतर बर्फाचा एक खडा आणि संत्र्याच्या सालीची पट्टी, बाकी काही नको.

चीनारच्या लेबलवर आर्टिचोकचं चित्र असतं आणि ते आर्टिचोकपासून बनवतातही, पण चव भाजीची नाही. मातीचा, ओल्या पानांचा, किंचित जळक्या गुळाचा अंदाज. ही बाटली 1950 च्या दशकातली, म्हणजे या चौघींत सर्वांत तरुण. अल्कोहोल फक्त 16.5 टक्के असल्यामुळे सोड्यासोबत उत्तम. उंच ग्लासात बर्फ, 45 मिली चीनार, वर 100 मिली सोडा, लिंबाची एक फोड पिळून आत टाकायची आणि चिमटीचं मीठ. इथे मिठावर मी अडूनच बसतो.

कंपारीला इटालियन लोक सहसा अमारो म्हणत नाहीत, 'बितेर' म्हणतात, कारण ती जेवणाआधीची, भूक चाळवायची आहे. आधीच्याला अपेरितिवो, नंतरच्याला दिजेस्तिवो. गास्पारे कंपारी यांनी ती 1860 मध्ये नोव्हारात तयार केली, पुढे मिलानमध्ये तिचं नाव झालं. मुलीला सांगा, मिलानच्या गाल्लेरियात कंपारिनो नावाचा 1915 चा बार अजून आहे, एकदा संध्याकाळी जाऊन कंपारी आणि सोडा घे. शाकाहारी ग्राहक मला नेहमी विचारतात म्हणून इथेच सांगतो: तिचा लाल रंग पूर्वी कोचिनील किड्यांपासून येत असे. 2006 च्या सुमाराला कंपनीने बहुतेक ठिकाणी तो बदलला. मन साशंक असेल तर तुमच्या बाटलीचं लेबल वाचा.

आता फर्नेट. तुम्ही काढा म्हणालात, आणि ते बरोबर आहे. मला तर वाटतं की मराठी घरात वाढलेल्या माणसाला फर्नेट समजणं मिलानच्या तरुणापेक्षा सोपं जातं. बर्नार्दिनो ब्रांका यांनी 1845 मध्ये ते औषध म्हणूनच विकायला काढलं. कंपनी 27 वनस्पती सांगते, संपूर्ण कृती गुप्त आहे, पण त्यातल्या काही नावांचा ते स्वतःच उल्लेख करतात: जेन्शियन, रुबार्ब, मर, केशर, कॅमोमाइल, गॅलंगल, झेडोरी. हीच नावं घेऊन पुण्यातल्या किंवा पणजीतल्या काष्ठौषधींच्या दुकानात जा. रुबार्बचं मूळ म्हणजे रेवंदचिनी. मर म्हणजे हिराबोळ, जो बाळंतिणीच्या औषधांत असतो. झेडोरी म्हणजे कचोरा, उटण्यातला. गॅलंगल म्हणजे कुलिंजन, घसा बसला की गवई चघळतात ते. मी एकदा हे चारही प्रत्येकी दहा ग्रॅम आणले, खलबत्त्यात वेगवेगळे ठेचले, चार वाट्यांत ठेवले आणि शेजारी फर्नेटचा ग्लास. एक वाटी हुंगायची, मग ग्लास हुंगायचा. हिराबोळाचा धुरकट, मंदिरासारखा वास ग्लासात सरळ सापडतो. कचोऱ्याचा कापरासारखा थंडावा सापडतो, आणि तुम्हाला जो टूथपेस्ट वाटला त्यातला काही भाग हाच असावा. एकदा हे ओळखलं की फर्नेट कडू लागणं थांबत नाही, पण परकं लागणं थांबतं. ही वाट्यांची संध्याकाळ तुम्ही जरूर करा. फक्त हुंगा, त्या वनस्पती दारूत घालून घरी प्रयोग करू नका, त्यांच्या मात्रा जाणणाऱ्याचं ते काम आहे.

जेन्शियन मात्र आपल्या दुकानात मिळणार नाही, ते आल्प्समधलं पिवळ्या फुलांचं रोप. पण त्याच कुळातलं काडेचिराईत मिळेल. ताप आल्यावर आजीने दिलेलं आठवत असेल तर कडूपणाचा तो सरळ, कोरडा, घशात उतरणारा प्रकार तुम्हाला पाठ आहे. बऱ्याच अमारींचा कणा जेन्शियन असतो. तसाच वर्मवुड, ज्यावरून व्हर्मुथला नाव मिळालं, तो आपल्या दवण्याचा सख्खा भाऊ. जोतिबाला वाहिलेला दवणा हुंगून मग व्हर्मुथचा ग्लास नाकाशी न्या.

पचनाबद्दल लोक विचारतात. कडू चवीने लाळ सुटते, हे तुम्ही तीस मोजताना अनुभवालच. त्यापलीकडे मी अमारोला औषध म्हणणार नाही. फर्नेट 39 टक्के अल्कोहोल आहे, म्हणजे व्हिस्कीच्या जवळपास. ते दारू म्हणूनच मोजा, आणि औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

कॉकटेलकडे येतो. नेग्रोनीपासून सुरुवात करा: 30 मिली जिन, 30 मिली कंपारी, 30 मिली गोड लाल व्हर्मुथ. 1919 च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये काउंट कामिल्लो नेग्रोनी यांनी आपल्या अमेरिकानोत (कंपारी, व्हर्मुथ आणि सोडा) सोड्याऐवजी जिन घालायला सांगितली, अशी तिची गोष्ट सांगतात. यात पाक नाहीच. घरच्या नेग्रोनीत कमी पडतं ते पाणी. लोक ग्लासात दोन लहान खडे टाकून चमच्याने चार वेळा फिरवतात आणि देतात. ती गरम, घट्ट आणि कडू लागणारच. मोठ्या ग्लासात भरपूर बर्फ घ्या, तिन्ही ओता आणि लांब चमच्याने पंचवीस-तीस सेकंद शांतपणे ढवळा. चमच्याची पाठ ग्लासच्या भिंतीला टेकलेली हवी, बर्फाचा खडखडाट होऊ नये. बाहेरून ग्लासवर दव धरलं की झालं. तेवढ्या वेळात बर्फाचं बरंच पाणी आत आलेलं असतं आणि ते या कॉकटेलचा चौथा घटक आहे. मग नवीन, मोठ्या खड्यावर गाळा. संत्र्याच्या सालीची पट्टी, आतला पांढरा भाग शक्य तितका काढून, ग्लासवर रंगीत बाजू खाली करून दुमडा. तेलाचे बारीक शिंतोडे पृष्ठभागावर चमकताना दिसतात. नागपुरी संत्र्याची सैल साल याला हात देत नाही, घट्ट सालीचं मोसंबं किंवा आयात केलेलं संत्रं घ्या.

आणि व्हर्मुथ फ्रीजमध्ये ठेवा. हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. व्हर्मुथ ही मुळात वाइन आहे, उघडल्यावर खराब होते. एका ओळखीच्या बारमध्ये मी नेग्रोनी मागवली, ती आंबूस आणि कडू, दोन्ही वाईट तऱ्हेने. मागे पाहिलं तर व्हर्मुथची बाटली दिव्याखालच्या फळीवर, तीन महिन्यांपासून उघडी. ग्राहक कंपारीला नावं ठेवून परत जात होते. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि महिना-दीड महिन्यात संपवा. अमारी मात्र साखर आणि अल्कोहोलमुळे टिकतात, त्यांना फक्त उन्हापासून दूर ठेवलं की पुरे.

जड वाटत असेल तर जिनऐवजी सोडा: तो अमेरिकानो. कंपारीऐवजी चीनार घातलंत तर नेग्रोनी मऊ आणि मातकट होते, पावसाळ्यात मला तीच आवडते.

आवेर्नासाठी ब्लॅक मॅनहॅटन. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बारटेंडरने 2005 च्या सुमारास मॅनहॅटन या व्हिस्की आणि व्हर्मुथच्या कॉकटेलमधलं व्हर्मुथ काढून आवेर्ना घातली. 60 मिली राय व्हिस्की, 30 मिली आवेर्ना, अँगोस्तुरा बिटर्सचे (थेंबांनी घालायचा कडू अर्क) दोन शिडकावे, नेग्रोनीसारखंच ढवळायचं. राय मिळाली नाही तर बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, चालेल, पण बर्बन गोडसर असते म्हणून आवेर्ना 22 मिलीवर आणा. पुन्हा तोच साखरेचा हिशेब.

फर्नेट कॉकटेलमध्ये घालायचं ते चमच्याने. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमध्ये एडा कोलमन यांनी केलेलं हँकी पँकी बघा: 45 मिली जिन, 45 मिली गोड व्हर्मुथ आणि फर्नेट फक्त एक चहाचा चमचा. तेवढ्याने अख्खा ग्लास फिरतो. तुम्ही 30 मिली घातलं असेल तर कितीही पाक ओतून ते सावरणार नाही. अर्जेंटिनाची गोष्ट निराळी. तिथे इटालियन स्थलांतरितांबरोबर गेलेलं फर्नेट लोक कोलाबरोबर पितात, कोर्दोबा प्रांतात तर घरोघरी. उंच ग्लास, भरपूर बर्फ, 50 मिली फर्नेट आणि वरून 150 मिली थंडगार कोला हळूहळू, फेस येतो तो वर चढू द्यायचा. इथे साखर आहे, पण तिच्याबरोबर कोलाचं आम्ल, वायू आणि पाणीही आहे, म्हणून ते जमतं. घरातल्या तरुण मंडळींना फर्नेट पाजायचं तर हेच करा.

कोकणच्या माणसाला माझा आवडता प्रयोग सांगतो. कंपारीला आंबट आणि मीठ हवं, आणि कोकमाच्या आगळात दोन्ही आधीच असतं. उंच ग्लासात बर्फ, 30 मिली कंपारी, एक चहाचा चमचा आगळ, 120 मिली सोडा, एकदाच ढवळायचं. कोकम सरबत नको, ते गोड असतं. आगळच हवं, बिनसाखरेचं. आगळ घरोघरी कमी-जास्त खारट असतं, म्हणून आधी अर्धा चमचा घालून चाखा. रंग इतका गडद येतो की पाहुणे आधी ग्लास उजेडात धरतात.

आणखी एक, मलेशियातलं जंगल बर्ड, क्वालालंपूरच्या हिल्टनमध्ये 1970 च्या दशकात निघालेलं: डार्क रम, कंपारी, अननसाचा रस, लिंबू, पाक. इथे पाक असतो, कारण लिंबू भरपूर असतं. 45 मिली ओल्ड मंक, 22 मिली कंपारी, 45 मिली ताजा अननसाचा रस, 15 मिली लिंबूरस. मूळ कृतीत पाकही साधारण लिंबाइतकाच, पण ओल्ड मंकला स्वतःचा व्हॅनिलाचा गोडवा आहे, म्हणून मी 5 मिलीवर थांबतो. बर्फ घालून शेकरमध्ये जोरात हलवा, वर अननसाचा फेस यायला हवा. डब्यातला रस घेतलात तर फेस येत नाही आणि पाक अजिबात घालू नका.

तुमची आधीची कॉकटेल फेकून द्यायची गरज नाही. पाक आणखी न घालता त्यात दोन-तीन थेंब मिठाचं पाणी घाला (10 ग्रॅम मीठ 40 मिली पाण्यात विरघळवून लहान ड्रॉपरच्या बाटलीत ठेवा, महिनोन्महिने टिकतं), पाव लिंबू पिळा, सोड्याने ग्लास भरा आणि पुन्हा चाखा.

मुलगी पुढच्या वेळी येईल तेव्हा तिला एकच बाटली आणायला सांगा: ब्राउलियो. आल्प्समधल्या बोर्मियो गावात फ्रांचेस्को पेलोनी या औषधविक्रेत्यांनी 1875 मध्ये सुरू केलेला, ओक लाकडाच्या पिंपांत मुरवलेला, 21 टक्क्यांचा. वासाला पाइनचं जंगल आणि ओला दगड. तो कशातच मिसळू नका. जेवण झाल्यावर 30 मिली, बर्फ नाही, आणि तीसपर्यंत मोजा.